घरफाळा वाढतोय, मग महापालिकेची सगळी कामं ठेक्यावर का देऊ नयेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचं छोटं मशिन शॉप आहे. घरफाळा आणि पाणीपट्टी वेळेवर भरता, तरी दारातला रस्ता एक पावसाळा काढत नाही आणि केएमटीची, म्हणजे महापालिकेच्याच परिवहन सेवेची, बस कधी येईल याचा नेम नाही. महापालिकेला जमत नसेल तर कचरा, बस, पाणी, रस्ते सगळं खासगी कंपन्यांना देऊन मोकळं का होत नाहीत? आणि असं बोललं की कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, "टोलचं काय झालं, विसरलास काय?" यात बरोबर कोण, आणि तुम्ही एकटे काय करू शकता, असं तुम्ही विचारलंय.

माझा कल सांगून टाकतो. महापालिकेनं कमीत कमी कामं स्वतः करावीत, कमीत कमी परवाने मागावेत आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा, या मताचा मी आहे. पण "सगळं खासगी करा" हे बाजाराचं तत्त्व नव्हे. ग्राहकाला नको म्हणता येतं, शेजारी दुसरा विक्रेता असतो आणि चुकीचा तोटा चूक करणाऱ्याच्याच खिशातून जातो, तिथं बाजार असतो. या तीन गोष्टी नसताना महापालिकेची मक्तेदारी उचलून एका कंपनीच्या हातात दिली तर फक्त दारावरची पाटी बदलते. म्हणून खरा प्रश्न असा की कोणत्या कामात स्पर्धा उभी करता येते, आणि करारात जोखीम कोणाच्या गळ्यात आहे.

कोल्हापूरच्या टोलचंच बघा. सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, "बांधा, वापरा, हस्तांतरित करा" या पद्धतीनं ३० वर्षं वसुली, असा तो करार. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, आंदोलन पेटलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. आंदोलनाच्या पुढारपणात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे डाव्या विचारांचे नेते होते, त्यामुळे टोलला विरोध म्हणजे बाजाराला विरोध असं समीकरण बसून गेलं. माझ्या मते बाजाराच्या कसोटीवरही तो करार नापासच होता. शहरात शिरायच्या वाटांवरच नाके, म्हणजे पर्यायी रस्ता नाही, म्हणजे नको म्हणायची सोय नाही. मार्केट यार्डात गुळाची गाडी घेऊन येणारा पैसे भरणार, आणि दिवसभर शहरातच गाडी फिरवणारा, ज्याच्यामुळे रस्ता जास्त झिजतो, तो नाका ओलांडत नाही म्हणून फुकट. वापरणारा एक आणि भरणारा दुसरा. त्यात काम किती झालं आणि त्याची किंमत किती, याच्या मूल्यांकनाचा वाद करार झाल्यावर, रस्ते उखडल्यावर सुरू झाला. शेवटी कंपनीचा हिशेब राज्याच्या तिजोरीतून भागला. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याचे पैसे गडचिरोलीच्या माणसानंही दिले. याला बाजार म्हणायचं असेल तर मग सरकारी कशाला म्हणायचं?

तेव्हा मित्रांचा राग बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तुमचा निष्कर्ष अर्धा बरोबर, पण तो सरसकट लावता येत नाही. कामानुसार उत्तर बदलतं, आणि शहराची आर्थिक परिस्थिती, कायम नोकरांची संख्या, भागात किती ठेकेदार आहेत यावरही बदलतं.

एखादं काम ठेक्याला योग्य आहे का, हे बघताना मी चार गोष्टी तपासतो. कामाचं माप घेता येतं का? बोलीला किमान तीन खरे स्पर्धक येतील का? ठेकेदार वाईट निघाला तर सहा महिन्यांत बदलता येईल का, की गाड्या, जागा, माहिती सगळं त्याच्याच ताब्यात अडकलेलं असेल? आणि पैसे वापरणाऱ्याकडूनच घेता येतात का? चारही उत्तरं "हो" असतील तर महापालिकेनं ते काम स्वतः करण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन्हींना "नाही" असेल तर ठेका देणं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

अमेरिकेत इंडियानापोलिसचे महापौर स्टीफन गोल्डस्मिथ १९९२ मध्ये पदावर आले तेव्हा त्यांची कसोटी याहून सोपी होती. टेलिफोन डिरेक्टरीत ज्या कामाच्या कंपन्या सापडतात ते काम महापालिकेनं बहुधा करू नये. पण खड्डे भरायच्या कामाला त्यांनी बोली लावली तेव्हा महापालिकेच्याच कामगारांनी बोलीत उतरायची परवानगी मागितली, आपल्या डोक्यावर पर्यवेक्षक फार आहेत हे दाखवून दिलं, खर्च खाली आणला आणि काम जिंकलं. उलट बाजूचं उदाहरण जॉर्जिया राज्यातल्या सँडी स्प्रिंग्जचं. २००५ मध्ये शहर स्थापन झालं तेव्हा जवळजवळ सगळी कामं एका कंपनीकडे होती. २०११ मध्ये ती तोडून अनेक कंपन्यांत वाटली आणि २०१९ मध्ये बहुतेक कामं शहरानं परत स्वतःकडे घेतली, कारण हिशेबात तेच स्वस्त पडत होतं. खासगीकरणाचं आदर्श म्हणून वर्षानुवर्षं दाखवलेलं शहर हे. दोन्हीकडे फायदा झाला तो आकडे मांडून तुलना करता आली म्हणून.

आता आपल्या गावाकडे येऊ. सगळ्यात आधी कचरा, कारण ठेक्याला सगळ्यात योग्य काम हेच आणि सगळ्यात जास्त बिघडतं तेही हेच.

कचऱ्याचा ठेका बहुतेक ठिकाणी टनावर दिला जातो. गाडी काट्यावर चढते, वजन नोंदतं, टनाला इतके रुपये. वरवर हे माप चोख वाटतं. पण ठेकेदाराला पैसे वजनाचे मिळत असतील तर त्याला वजन हवं असतं, स्वच्छ गल्ली नव्हे. मग टिपरमध्ये, म्हणजे कचरागाडीत, तळाला राडारोडा येतो, कारण विटामातीचं वजन ओल्या कचऱ्याच्या कितीतरी पट असतं. पावसाळ्यात गाडी झाकलेली नसते, पाणीही काट्यावर मोजलं जातं. अरुंद बोळातली, चढावरची घरं वगळली जातात, कारण तिथं वेळ जातो आणि वजन मिळत नाही. ओला-सुका वेगळा करण्यात त्याचं काहीच हित नसतं. सगळा माल एकत्र कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर जातो, तिथला डोंगर वाढतो, आणि पुढे तोच डोंगर हटवायला बायोमायनिंगचा, म्हणजे जुना कचरा उकरून वेगळा करण्याचा, वेगळा ठेका निघतो. एकाच कचऱ्याचे दोनदा पैसे.

तुम्ही जॉबवर्क बाहेर देता तेव्हा नगावर पैसे देता, त्याच्या मशिनवर पडलेल्या चिपच्या वजनावर नाही, आणि रिजेक्शन त्याच्या माथी मारता. कचऱ्यातही नग ठरवता येतो, तो म्हणजे घर. दारावर क्यूआर कोड, गाडीत जीपीएस. देयकाची विभागणी साधारण अशी करता येते: ६० टक्के रक्कम त्या महिन्यात सेवा मिळालेल्या घरांवर, २५ टक्के वेगळा करून दिलेल्या ओल्या कचऱ्यावर आणि १५ टक्के तक्रारी ठरलेल्या वेळेत मिटवल्यावर. राडारोड्याची गाडी वेगळी, त्याचा दर वेगळा आणि तो टाकणाऱ्याकडून वसूल. एका छोट्या टिपरला दिवसाला दोन फेऱ्यांत ९०० ते १,००० घरं होतात. चढउतार आणि बोळ असतील तर त्याहून कमी. निविदेत टिपरमागे १,५०० घरं धरलेली दिसली की समजायचं, एकतर घरं सुटणार किंवा काही महिन्यांत वाढीव गाड्यांचा प्रस्ताव येणार.

कामगारांचा हिशेबही निविदेतच तपासता येतो. किमान वेतनावर मालकाचा भविष्य निर्वाह निधी सर्व मिळून १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के. म्हणजे वेतनाच्या वर साधारण २४.६ टक्के, शिवाय साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लागणारा बदली माणूस. हे गुणून येणाऱ्या आकड्यापेक्षा सगळ्यात कमी बोली खाली असेल तर तो ठेकेदार कार्यक्षम आहे म्हणून स्वस्त नाही. तो माणसं कमी लावणार किंवा पीएफ बुडवणार. आणि बुडवला की मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी फिरून महापालिकेवर, म्हणजे तुमच्या घरफाळ्यावर येते. अशी बोली उघडतानाच बाद व्हावी, असं कलम निविदेतच पाहिजे.

सगळं शहर एका कंपनीला देऊ नये. चार विभाग करावेत, एकीला दोनाहून जास्त मिळू नयेत, आणि एक विभाग महापालिकेच्या कायम कामगारांकडे ठेवावा. त्यामागचं कारण हिशेबी आहे. स्वतःच्या हाताला प्रति घर किती खर्च येतो हे माहीत नसेल तर ठेकेदाराचा दर महाग की स्वस्त हे कळायला दुसरं मापच उरत नाही. ठेक्याची मुदत गाडीच्या आयुष्याइतकी, म्हणजे सातेक वर्षं. एका वर्षाच्या ठेक्यात कोणी नवी गाडी घेत नाही. तो भंगारातली आणतो किंवा गाडीची सगळी किंमत त्या एकाच वर्षाच्या दरात घालतो. आणि मुदत संपल्यावर "नवीन निविदा होईपर्यंत मुदतवाढ" हा प्रकार सगळ्यात घातक, कारण त्यात स्पर्धा संपलेली असते आणि दर मात्र वाढलेला असतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ठेका स्वस्त पडतो असं जे कागदावर दाखवतात, त्यात कायम कर्मचाऱ्याचा पगार वाचला असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो कर्मचारी कुठे जात नाही. दुसऱ्या खात्यात बसतो, पगार चालूच, वर ठेक्याचं बिल. आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरेंचा, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा राज्य सरकारचा दंडक आहे. आपल्या महापालिकेचा आकडा अर्थसंकल्पात बघा आणि तुलना करा. म्हणून निवृत्तीनं जागा रिकाम्या होतील तितकाच भाग ठेक्यावर न्यायचा. गती कमी वाटते, पण दोन्हीकडून खर्च होत नाही.

आता बस. केएमटीवर कोल्हापुरात सगळे बोलतात, पण तोटा कशाचा हे वेगळं करून कोणी विचारत नाही. तोटा तीन प्रकारचा असतो. डेपो, दुरुस्ती, जुन्या गाड्या यांचा अकार्यक्षमतेचा. प्रवासी नसलेल्या पण बंद करता न येणाऱ्या मार्गांचा. आणि सवलतीच्या पासांचा. हे तिन्ही एकाच खड्ड्यात टाकले की कोणालाच जबाबदार धरता येत नाही. विद्यार्थ्याला स्वस्त पास द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण त्याची रक्कम महापालिकेनं अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली केएमटीला मोजून द्यावी. मग उरलेला तोटा व्यवस्थापनाचा, हे स्पष्ट दिसतं.

प्रधानमंत्री ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरला १०० बस मंजूर झाल्या आहेत. २०२३ च्या या योजनेत बस कंपनीची, चालक कंपनीचा, आणि महापालिका कंपनीला किलोमीटरवर पैसे देते. तिकिटाचे पैसे महापालिकेचे. केंद्राची मदत नऊ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २२ रुपये, बारा मीटरला २४, तीही दहा वर्षं. गणितासाठी आकडे धरून बघू. कंपनीचा दर ६० रुपये, केंद्राचे २२, तिकिटातून ३० मिळाले, तर किलोमीटरमागे ८ रुपयांचा खड्डा. १०० बस, रोज २०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ७३ लाख किलोमीटर आणि ५ कोटी ८४ लाख रुपये. तिकिटाचं उत्पन्न ३० वरून २२ वर घसरलं की हाच आकडा दुप्पट होतो. प्रवासी येवोत न येवोत, ही जोखीम अशा करारात पूर्णपणे महापालिकेची असते. म्हणून अशा करारात दोन कलमं आधी वाचायची. एक म्हणजे हमी दिलेले किलोमीटर, कारण बस उभी राहिली तरी काही रक्कम द्यावी लागते. दुसरं म्हणजे डेपो ते पहिला थांबा हे रिकामं धावणं कोणाच्या खात्यावर. डेपो शहराच्या एका टोकाला आणि मार्ग दुसऱ्या टोकाला असले की हा आकडा गुपचूप वाढतो.

दुसरी पद्धत म्हणजे मार्गच कंपनीला देणं, तिकीट तिचं, तोटाही तिचा. आपल्या विचाराच्या लोकांना ही आवडते. पण मग बस स्टँड ते रंकाळा अशा भरलेल्या मार्गावर सगळे धावतात आणि उपनगरातल्या शेवटच्या कॉलनीत कोणी जात नाही. माझं मत असं: जिथं वडाप (माणसामागे भाडं घेणाऱ्या खासगी जीप-रिक्षा) धावतंय तिथं बाजारानं उत्तर दिलेलंच आहे. त्या मार्गावर अनुदानाची बस घालून वडापवाल्याशी शर्यत लावण्यात काय हशील? त्यांना परवाने, विमा, थांबे देऊन कायदेशीर करायला हवं (हे परिवहन खात्याच्या हातात आहे, महापालिकेच्या नाही, ही मोठी अडचण), आणि केएमटीचं अनुदान जिथं कोणीच जात नाही त्या मार्गांवर वळवायचं. तेही कमीत कमी अनुदान मागणाऱ्याला तो मार्ग, अशा बोलीनं. केंद्र सरकार छोट्या विमानतळांच्या उडान योजनेत हेच करतं.

रस्त्याचं काम तर आजही ठेकेदारच करतो. म्हणजे तुमच्या दारातला जो रस्ता वाहून गेला तो खासगीच होता! तिथं खासगीकरण कमी पडलेलं नाही, माप आणि दायित्व कमी पडलेलं आहे. हे जरा जवळून बघा.

समजा तुमच्या भागात एक किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्त्यावर ३० मिलिमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर आहे. क्षेत्र ५,५०० चौरस मीटर. दाबून बसलेल्या थराचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन धरलं तर मिश्रण लागतं ३९६ टन. त्यात डांबर ५.४ टक्के, म्हणजे सुमारे २१ टन. ठेकेदारानं बोली २५ टक्के कमी दरानं घेतली असेल तर तो ती भरून कुठून काढणार? डांबर एक टक्का कमी केलं की चार टन वाचतं. टनाला ५० हजार धरले तरी दोन लाख. थर ३० ऐवजी २५ मिलिमीटर केला की ६६ टन मिश्रण वाचतं, त्याचे आणखी चारेक लाख. दोन्ही उघड्या डोळ्याला दिसत नाहीत, पहिल्या जुलैत दिसतात. पण ३९६ टन म्हणजे १६ टनी डंपर असेल तर २५ गाड्या. गाड्या मोजता येतात. प्रत्येक गाडीची काट्याची चिठ्ठी असते, डांबराचं रिफायनरीचं चलन असतं, आणि दोन्ही फाइलला लावावी लागतात. चलनावरची तारीख आणि रस्ता केल्याची तारीख जुळते का, तेच चलन दुसऱ्या रस्त्याच्या फाइलला तर लावलेलं नाही ना, हे बघणं एवढ्यानं निम्म्या गोष्टी उघड होतात.

तापमानाचाही नियम ठरलेला आहे. व्हीजी-३० प्रतीचं डांबर असेल तर अंथरताना मिश्रण किमान १४० अंश सेल्सिअस असावं आणि रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपवावं. रात्री थंडीत, ताडपत्री न घालता लांबून आलेली गाडी वरून काळीशार दिसते पण आतून निवलेली असते. असा थर दाबला जात नाही, खडी सुटी राहते. आणि गटार नसलेल्या रस्त्यावर कितीही उत्तम डांबर टाका, कोल्हापूरच्या पावसात पाणी कडेला साचलं की ते थराखाली शिरणारच. गटाराचं काम एका वर्षी, रस्ता त्याआधी, आणि गॅसची लाइन त्यानंतर, हा क्रम तर आपल्या पाचवीला पुजलेला.

यावर उपाय दोष-दायित्व कालावधीचा, म्हणजे रस्ता बिघडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायच्या मुदतीचा. तीन वर्षांचा असेल तर ठेकेदाराची अनामतही तीन वर्षं अडकून राहिली पाहिजे. प्रत्यक्षात ती बरेचदा आधीच परत दिलेली असते, मग दायित्व कागदावरच. त्याहून चांगली पद्धत म्हणजे रस्ता करणं आणि पाच वर्षं सांभाळणं हे एकच कंत्राट, आणि ४० टक्के रक्कम रस्ता ठरलेल्या स्थितीत राहिल्यास वर्षावर्षानं. मग डांबर वाचवण्यात त्याचाच तोटा होतो. पण त्यासाठी रस्ता खोदणाऱ्या दुसऱ्या खात्याकडून पूर्ववत करण्याचा खरा खर्च वसूल व्हायला हवा. नाहीतर ठेकेदार हात वर करतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. काळम्मावाडी धरणापासूनची थेट पाइपलाइन, सुमारे ५३ किलोमीटरची, बहुतांशी अनुदानातून झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. बांधायचे बहुतेक पैसे वरून आले, चालवायचे मात्र आपल्यालाच द्यायचे आहेत. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंप-मोटरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.३९ युनिट वीज लागते. आठ रुपये युनिटनं तीन रुपयांहून जास्त, फक्त विजेचे, आणि यात गळती धरलेली नाही. १०० लिटर उचलून ६५ लिटरचंच बिल होत असेल तर हा खर्च दीडपट झाला. पाण्यात दोन स्पर्धक नळ घालणार नाहीत, त्यामुळे इथं मी कंपनीच्या आधी मीटर आणि दर बघतो. पहिला टप्पा गरिबाला परवडेल असा, त्यावरचा प्रत्येक लिटर खर्चाच्या दरानं. आज स्वस्त पाण्याचा सगळ्यात मोठा लाभ ज्याच्या बंगल्यात लॉन आहे त्याला मिळतो. गळती शोधायचं काम मात्र जरूर ठेक्यावर द्यावं, वाचलेल्या पाण्यावर पैसे या अटीनं.

महापालिकेच्या गाळ्यांचं भाडं हा वेगळाच विषय. बाजारभावाच्या कितीतरी खाली भाडं, पोटभाडेकरू बाजारभावानं देतोय, आणि मधला फरक मूळ गाळेधारकाच्या खिशात. इथं कसलाही सिद्धांत नको, मुदत संपली की जाहीर लिलाव. घरफाळा वाढवण्याआधी हे झालं पाहिजे. आणि काही गोष्टी ठेक्यावर देऊच नयेत: अग्निशमन, पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी, अतिक्रमणाची कारवाई, देयकाआधीचं मोजमाप. परवान्यांबाबत तर ठेक्याचीही गरज नाही, परवानेच कमी करावेत. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नकाशे आणि शुल्क भरल्याची पावती पुरेशी केली आहे, त्यासारखं.

आता तुम्ही एकटे काय करू शकता, हे विचारलंय म्हणून. अर्थसंकल्पाचं पुस्तक घ्या आणि पुढच्या वर्षाचा आकडा वाचूच नका. मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि त्याच वर्षाचा मूळ अंदाज शेजारी ठेवा. घरफाळा, विकास शुल्क, पाणीपट्टी यांत अंदाज फुगवलेला असतो, त्या फुगवलेल्या जमेवर कामं मंजूर होतात, पैसे येत नाहीत, ठेकेदाराची बिलं थकतात, आणि पुढच्या निविदेत तो उशिराचं व्याज दरात घालतो. थकीत देयकांची यादी मागा. ती अर्थसंकल्पात ठळक दिसत नाही.

मग माहिती अधिकारात एकाच रस्त्याची फाइल. अर्जाचे दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन. "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, हजार पानांचं बिल येतं किंवा अर्ज फेटाळला जातो. मागायचं ते असं: कार्यारंभ आदेश, निविदेचा तुलनात्मक तक्ता, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, डांबराची चलनं, काट्याच्या चिठ्ठ्या, चाचणी अहवाल, दोष-दायित्वाची मुदत आणि अनामत परत केल्याची तारीख. त्याच अर्जात फाइलची पाहणीही मागा, पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत आणि काय काय आहे ते बघून नेमक्या पानांच्या प्रती घेता येतात. कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फारसं कोणी वापरत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज मार्चमध्ये टाकलात तर पावसाच्या आत कागद हातात येतील, आणि थराची जाडी मोजायला रस्ताही जागेवर असेल.